कॉलेजं खेळाडू मिळवायला किती खर्च करतात ते फुकटात दाखवणारी साईट, पालकांनी पैसे भरायच्या आधी बघाच

पोरगं हायस्कूलला फुटबॉल खेळतंय आणि आता कॉलेजच्या टीममधे जायचं म्हणतंय, अशी आपल्या लोकांची घरं इथे अटलांटाच्या आसपास बरीच झालीत, त्यांच्यासाठी लिहितेय. फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेट घालून खेळतात तो. आमचा लेक किकर आहे, म्हणजे पायाने बॉल मारून पॉइंट मिळवणारा. लहानपणापासून सॉकर खेळायचा, नववीत कोचने त्याला सहज बॉल मारून बघ म्हटलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

रिव्ह्यू आहे अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या साईटचा. नाव लांबलचक आहे, इक्विटी इन ऍथलेटिक्स डेटा ऍनालिसिस, सगळे ईएडीए म्हणतात. लॉगिन नाही, कार्ड नाही, काही नाही. १९९४ च्या कायद्यामुळे, जी कॉलेजं मुलामुलींची एकत्र आहेत, केंद्र सरकारची विद्यार्थ्यांसाठीची मदत घेतात आणि ज्यांच्या खेळाच्या टीम आहेत, त्यांना दरवर्षी खेळांचा जमाखर्च द्यावाच लागतो. १५ ऑक्टोबरपर्यंत रिपोर्ट तयार ठेवायचा आणि विद्यार्थ्याने किंवा कोणीही मागितला तर द्यायचा, असा नियमच आहे. प्रायव्हेट कॉलेजंपण यात येतात, हे फार महत्त्वाचं, कारण सरकारी युनिव्हर्सिटीची कागदपत्रं पत्रकार माहितीच्या कायद्याखाली मागवतात पण नोत्र दाम किंवा व्हँडरबिल्टसारख्यांची तशी मिळत नाहीत.

मी या साईटवर कशी पोचले ते सांगते. गेल्या उन्हाळ्यात एका कॉलेजकडून लेकाला ईमेल आली, वर मोठा लोगो, त्याचं पहिलं नाव, आणि आमच्या स्टाफला तुला प्रत्यक्ष बघायचंय, आमच्या कॅम्पला ये, असं. पोराला आभाळ ठेंगणं झालं, त्याने प्रिंट काढून फ्रिजवर लावली. कॅम्पची फी, पेट्रोल, एक रात्र हॉटेल, सगळं आमच्या पदरचं. तिथे गेलो तर किकरांचीच एवढी लांब रांग, प्रत्येकाच्या शर्टावर नंबर चिकटवलेला, आमच्या लेकाच्या वाट्याला आठ किक आल्या आणि नंतर कोणी नाव विचारलं नाही. येताना गाडीत तो एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर मी नियम वाचले, तर असे कॅम्प सगळ्यांना खुले ठेवावे लागतात, म्हणजे ती ईमेल शेकडो पोरांना गेली असणार आणि ती रिक्रूटिंग (टीमसाठी खेळाडू हेरून मिळवणं) नव्हतीच, जाहिरात होती. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर पोराचा तो उतरलेला चेहरा बघायला लागला नसता.

लगेच पुढच्या आठवड्यात एका कंपनीचा फोन, आम्ही प्रोफाईल बनवतो, हायलाइट टेप (चांगल्या खेळाचा कापून जोडलेला व्हिडिओ) कोचेसना पाठवतो, आणि त्याचे काही हजार डॉलर. नवरा कार्ड काढून तयार. मी म्हटलं एक रात्र थांब, आणि त्या रात्री ईएडीए उघडली.

वापरायला सोपी आहे. कॉलेजचं नाव टाका, खाली या, रिक्रूटिंगचा खर्च अशी ओळच आहे. कोचेसचा प्रवास, गाड्या, फोन, राहणं-खाणं, आणि ज्या मुलांना कॅम्पस दाखवायला बोलावतात त्यांचाही प्रवास, हॉटेल, जेवण, सगळं त्यात धरतात. दोन-चार कॉलेजं शेजारी शेजारी लावता येतात आणि मागच्या वर्षांचा ट्रेंडपण काढता येतो. मोठ्या टीमांचा ट्रेंड काढला की २०२०-२१ ला आकडा धाडकन खाली आलेला दिसेल, कारण मार्च २०२० पासून मे २०२१ संपेपर्यंत प्रत्यक्ष भेटायलाच बंदी होती, विमानं नाहीत, हॉटेलं नाहीत. मग व्हिजिट पुन्हा सुरू झाल्या आणि खर्चपण.

मोठ्या टीम किती घालवतात हे आधी डोक्यात असू द्या (पुढचे आकडे बातम्यांतले, या साईटवरचे नाहीत), म्हणजे ही ओळ वाचता येते. आमच्या जॉर्जिया युनिव्हर्सिटीने २०२२ च्या आर्थिक वर्षात एकट्या फुटबॉलच्या रिक्रूटिंगवर साधारण ४५ लाख डॉलर घातले. त्याच वर्षात ते १९८० नंतर पहिल्यांदा नॅशनल चॅम्पियन झाले. कोच कर्बी स्मार्ट तर हेलिकॉप्टरने हायस्कूलच्या मैदानावर उतरतात. टेक्सस युनिव्हर्सिटीचं उदाहरण याहून बोलकं आहे. जून २०२२ मधे हायस्कूलचा खेळाडू आर्च मॅनिंग (फुटबॉलचे नावाजलेले खेळाडू पेटन आणि इलाय मॅनिंग यांचा पुतण्या) ऑस्टिनला ऑफिशियल व्हिजिटला आला, त्या एका वीकेंडला नऊ मुलं होती, घरच्यांसकट, आणि खर्च जवळपास २ लाख ८० हजार डॉलर. भागाकार करा, मुलामागे ३१ हजार होतात. पुढच्याच आठवड्यात आर्चने टेक्ससला हो म्हटलं.

ऑफिशियल व्हिजिट आणि अनऑफिशियल व्हिजिट यातला फरक आपल्या लोकांना बहुतेक माहीत नसतो. ऑफिशियल म्हणजे कॉलेज खर्च करतं. अनऑफिशियल म्हणजे तुम्ही तुमच्या पैशाने जाता, फार तर मॅचची तिकिटं फुकट मिळतात. ज्याला खरंच घ्यायचंय त्याच्यासाठी कॉलेज स्वतःचा पैसा काढतं. आपल्या मुलासाठी ते खर्च करतायत की आपल्याकडून खर्च करवून घेतायत, एवढं बघितलं तरी निम्मं कोडं सुटतं, आणि मला हे कळायला एक पूर्ण उन्हाळा गेला.

आता साईटच्या मर्यादा, कारण आकडा बघून फसायलाही होतं. एक म्हणजे रिक्रूटिंगचा खर्च खेळाप्रमाणे फोडून देत नाहीत, मुलांच्या सगळ्या टीमचा मिळून एक आणि मुलींच्या सगळ्या टीमचा एक. फुटबॉलचा वेगळा आकडा हवा असेल तर तो इथे नाही. दुसरं, रिक्रूटिंग स्टाफचे पगार या ओळीत येत नाहीत, आणि जुलै २०२१ पासून खेळाडूंना नावाचे आणि जाहिरातीचे पैसे मिळायला लागले तेपण नाहीत. २०२५-२६ पासून तर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, त्या पहिल्या वर्षी एका कॉलेजने साधारण २०५ लाख डॉलरपर्यंत, आणि त्याच्यापुढे हॉटेल-विमानाचा खर्च म्हणजे किरकोळ वाटायला लागतो. तिसरं, आकडे जुने असतात, आजचं चित्र मिळत नाही.

पण मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते शेजारच्या कॉलमने. मी लेकासाठी बघत होते आणि मुलींचा आकडा बाजूलाच होता. मोठ्या फुटबॉलवाल्या कॉलेजांत मुलींच्या टीम कितीतरी असतात तरी दोन आकड्यांतला फरक बघून वाईट वाटतं. कायद्याच्या नावातच समानता आहे, तो आणला त्याच्यासाठीच. माझी धाकटी व्हॉलीबॉल खेळते, आता तिच्यासाठी कॉलेज बघताना मी पहिल्यांदा हाच कॉलम उघडणार, आणि प्रत्येक मुलीच्या आईवडिलांना तेच सांगेन.

आमच्यासाठी याचा उपयोग काय झाला, तर आम्ही डिव्हिजन थ्रीची (कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटातली) कॉलेजं शोधायला लागलो. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते, रिक्रूटिंगचा आकडा लहान असतो, हेलिकॉप्टर वगैरे काही नाही, पण म्हणूनच तिथे कोच स्वतः ईमेलला उत्तर देतो. मोठ्या टीमला किकर काही वर्षांतून एखादाच लागतो आणि तोही पुष्कळदा वॉक-ऑन, म्हणजे टीममधे जागा आहे, पैसा नाही. मग पोराला जिथे खेळायला मिळेल आणि नीट शिकायला मिळेल तिथे का नको? कंपनीला नाही म्हटलं. लेकाने स्वतः टेप कापली, अकरा कोचेसना स्वतः ईमेल लिहिल्या, चौघांनी उत्तर दिलं. त्यातल्या एकाने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो, तुला शिकायचं काय आहे, हा. लेकाने त्या दिवशी फ्रिजवरची ती प्रिंट स्वतःच काढली.

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापला तो खेळाप्रमाणे फोड नाही म्हणून. लॅपटॉपवर उघडा, तक्ते लांब आहेत, फोनवर आडवं सरकवत बसावं लागतं. आणि कॉलेजने तुमच्या पोराला कॅम्पची ईमेल पाठवली असेल तर उत्तरात एकच विचारा, हे ऑफिशियल व्हिजिटचं आमंत्रण आहे का.