पारी: सवड काढून वाचायची, ऐकायची, पाहायची

सोलापुरात एका दैनिकाच्या डेस्कवर माझी उमेदीची वर्षं गेली. तिथे बातमी कॉलम सेंटिमीटरमध्ये मोजायची. रात्री नऊला जाहिरात आली की सगळ्यात आधी ग्रामीण पानावरचा मजकूर कापायचा, तोही खालून. त्यामुळे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ म्हणजे ‘पारी’ हे ग्रामीण भारतावरचं संकेतस्थळ उघडल्यावर माझी नजर आधी जागेवरच गेली. कुठल्याशा खेड्यातल्या एका माणसाची हकिगत निवांत चाललीय, मध्ये मोठे फोटो, आणि जाहिरात नाही. वाचायला पैसेही नाहीत.

पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ च्या डिसेंबरात ते सुरू केलं. मराठीसह बऱ्याच भारतीय भाषांत ते वाचता येतं.

आता ‘मल्टिमीडिया’चं, म्हणजे मजकुराच्या जोडीला येणाऱ्या आवाजाचं आणि व्हिडिओचं. हल्ली कुठल्याही बातमीखाली ‘पाहा व्हिडिओ’ असतं. उघडावं तर तोच फोटो पुढे-मागे सरकतोय आणि वर यंत्राचा आवाज. पारीवर व्हिडिओ कशासाठी आहे ते कळतं. ‘कॅप्टन भाऊ’, म्हणजे कुंडलचे स्वातंत्र्यसैनिक रामचंद्र श्रीपती लाड यांच्यावरचा लेख काढा. साताऱ्यात इंग्रजांना न जुमानता उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या लढाऊ दलाने, तुफान सेनेने, ७ जून १९४३ रोजी शेणोलीला इंग्रजांच्या पगाराचे पैसे नेणारी रेल्वेगाडी अडवली, हे पुस्तकांत आहेच. इथे नव्वदी ओलांडलेले भाऊ स्वतः बोलताना दिसतात. आमच्या डेस्कवर अशा माणसाचं बोलणं प्रमाण मराठीत इस्त्री होऊन छापलं जायचं. माणूस कुठे थांबला, कशावर चिडला, हे बातमीदाराच्या वहीतच राहायचं.

पण माझा जीव अडकला तो जात्यावरच्या ओव्यांत. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या ठेव्यातल्या ओव्या पारीवर टप्प्याटप्प्याने येत गेल्या. ओवीचे शब्द, गाणारीचा आवाज, कुठे व्हिडिओ, आणि ती बाई कोण, कुठल्या गावची, याची माहिती. छापील पुस्तकात चाल कशी देणार? माझ्या मावशीला मी फोनवर एक ओवी लावून दिली. तिने पहिली ओळ ऐकली आणि दुसरी गाणारीच्या आधी स्वतःच म्हटली. मग म्हणाली, “आमच्याकडं हे असं न्हाई म्हणत,” आणि आपली म्हटली. तीन-चार पाठभेद झाले, माझा चहा उकळून आटला.

हिला पत्रकारिता म्हणावं का, असं माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने विचारलं. माझ्या मते म्हणावं. सासर, सवत, दुष्काळ, बाबासाहेब, यावर खेड्यातली बाई काय बोलते हे आमच्या किती पुरवण्यांत आलं होतं?

कुणी उघडू नये तेही सांगते. आजचा कांद्याचा भाव, आमदार कुठल्या गटात गेला, पाऊस कधी येणार, यासाठी हे नाही. दुपारच्या चहाबरोबर उरकायचंही नाही, एकेका लेखाला अर्धा तास सहज जातो. मजकुराचा सूर बहुतेक वेळा गंभीर असतो; सलग तीन वाचले की मला उठून फेरी मारावी लागते. जत्रा, थट्टा, गावातला वात्रटपणा याहून जास्त हवा होता. आणि काही लेख मुळात इंग्रजीत लिहिलेले असल्याने मराठवाड्यातला शेतकरी इंग्रजीची वाट करून मराठीत परत येतो. तिथे लेखात व्हिडिओ असेल तर मी तो आधी बघते, मजकूर नंतर.

पाचपैकी साडेचार. सुरुवात ओव्यांपासून करा, कानात इयरफोन घालून. घरात कुणी सत्तरीपुढची बाई असेल तर मात्र इयरफोन काढा आणि आवाज मोठा करा.