अंकी, आठ महिन्यांनंतर: क्विझची कुठली कार्डं टिकली, कुठली सडली

‘अंकी’ म्हटलं की आपल्याला आधी तीन अंकी नाटक आठवतं. जपानीत या शब्दाचा अर्थ पाठांतर. हे कार्डांवर (एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर) उजळणी करून घेणारं सॉफ्टवेअर 2006 पासून आहे. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर एकदाच पैसे भरून. खाली आहे तो आठ महिन्यांच्या रोजच्या वापराचा हिशेब. हेतू एकच होता, खुल्या क्विझची तयारी: इतिहास, साहित्य, विज्ञान, संगीत आणि धर्म.

आधी निकाल. अंकी एकच काम करतं, कुठलं कार्ड कधी समोर आणायचं ते ठरवतं, आणि ते चोख करतं. कार्डावर काय लिहायचं हे त्याला कळत नाही. ‘अंकी वापरून काही लक्षात राहत नाही’ म्हणणाऱ्याची कार्डं उघडून पाहा, दहापैकी नऊ वेळा दोष तिथेच सापडतो. आणि पाच विषयांना एकाच साच्याचं कार्ड चालत नाही, हे सगळ्यात उशिरा ध्यानात येतं.

सेटिंग्जचं थोडक्यात उरकतो. रोजची नवी कार्डं मुळात 20 असतात, ती 10 वर आणा. ढोबळ हिशेब असा की रोजच्या नव्या कार्डांच्या आठ-दहा पट उजळणी पुढे येते. म्हणजे 10 नव्यांना रोजची 80 ते 100 कार्डं, कार्डाला 8 सेकंद धरले तर साधारण 11 ते 13 मिनिटं. 20 ठेवलीत तर दुसऱ्या महिन्यात अर्ध्या तासाच्या आसपास लागायला लागतं आणि तिसऱ्या महिन्यात अ‍ॅप उघडणं बंद होतं. उजळणीची दिवसाची मर्यादा 200 असते, ती काढून 9999 करा. नाहीतर थकबाकी साचत जाते आणि पडद्यावर सगळं आलबेल दिसतं. ऑक्टोबर 2023 च्या आवृत्तीपासून ‘एफएसआरएस’ नावाचं नवं वेळापत्रक आलंय, ते चालू करा. त्यात किती टक्के आठवायला हवं हे आपण सांगायचं असतं. 90 टक्के ठीक. 95 केलंत की बोजा झपाट्याने वाढतो आणि हाती फारसं जास्त लागत नाही.

बटणं चार: अगेन, हार्ड, गुड, ईझी. सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. उत्तर आलं नाही की लाजेकाजेस्तव ‘हार्ड’ दाबलं जातं. पण हार्ड म्हणजे पास, कष्टाने का होईना आठवलं. नापासाला बटण एकच, अगेन. विसरलेल्याला हार्ड देत राहिलात तर वेळापत्रक तुमच्या स्मरणशक्तीबद्दल खोटं शिकतं आणि न येणारी कार्डं लांबच्या तारखांना ढकलतं.

इतिहासापासून सुरुवात करू, कारण सर्वाधिक कार्डं तिथलीच होतात आणि सर्वाधिक सडतातही तिथलीच. ‘पुरंदरचा तह कधी झाला?’ हे कार्ड मुळातच नासकं. पुरंदरचे तह दोन. जून 1665 मधला शिवाजी महाराज आणि मिर्झाराजे जयसिंग यांच्यातला, ज्यात 23 किल्ले गेले आणि 12 उरले. दुसरा मार्च 1776 मधला, पुणे दरबार आणि इंग्रजांचा. या दुसऱ्याला तर वेगळं सुटं कार्ड करूच नये. तो साखळीतला दुवा आहे: 1775 मध्ये राघोबादादा मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह करतात, कलकत्त्याचं सरकार तो अमान्य करतं आणि कर्नल अप्टनला पाठवून पुरंदरचा करवतं. मग 1779 च्या जानेवारीत वडगाव, तोही इंग्रज झुगारतात. शेवटी 1782 मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाई. यावर चार तारखांची चार कार्डं नकोत. ‘सुरतेचा तह कोणी रद्द ठरवला आणि त्याच्या जागी कोणता आला?’ असं दुव्याचं कार्ड करा. साखळी पक्की झाली की वर्षं तिच्या मागोमाग येतात. उलट होत नाही.

तारखांची दुसरी मेख कालगणनेची. शकाच्या वर्षात 78 मिळवून इसवी सन काढायचा हे सगळ्यांना पाठ असतं. पण गुढीपाडवा मार्च-एप्रिलमध्ये येतो, म्हणून जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथीला 79 मिळवावे लागतात. राज्याभिषेक ज्येष्ठातला: 1596 अधिक 78, म्हणजे 1674. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया शके 1551 ची, तिथे 79 मिळवले तरच 1630 येतं. मराठी कागदांतल्या शुहूर सनाला 599 किंवा 600. हिजरीला नुसती बेरीज चालतच नाही, कारण ते वर्ष 354-355 दिवसांचं. तिथे 0.97 ने गुणून 622 मिळवा. हिजरी 1000 ला उत्तर 1592 येतं. प्रत्यक्षात ते वर्ष ऑक्टोबर 1591 मध्ये सुरू झालं, म्हणजे क्विझपुरता अंदाज पुरेसा आहे. ही चार सूत्रं म्हणजे चारच कार्डं, पण शेकडो कार्डांची राखण करतात.

युरोपातही हीच गोची. ‘गॅलिलिओ वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला’ हे वाक्य कार्डावर उतरवण्याआधी थांबा. गॅलिलिओचा मृत्यू 8 जानेवारी 1642, ग्रेगोरियन, म्हणजे आजच्या कॅलेंडरप्रमाणे. न्यूटनचा जन्म 25 डिसेंबर 1642, पण ज्युलियन, म्हणजे जुन्या कॅलेंडरप्रमाणे, कारण इंग्लंडमध्ये तेव्हा तीच पद्धत होती. ग्रेगोरियन धरलं तर 4 जानेवारी 1643. दोन पंचांगं मिसळली तरच योगायोग जुळतो, आणि चलाख क्विझमास्टर नेमका तिथेच बसलेला असतो.

साहित्यात पहिला शत्रू टोपणनावं. कुसुमाग्रज म्हणजे शिरवाडकर, गोविंदाग्रज म्हणजे गडकरी. विनोद लिहिताना तेच गडकरी बाळकराम. दोन्ही ‘अग्रज’ एकाच दिवशी नवे म्हणून टाकलेत तर महिनाभर एकमेकांत पाय अडकवत राहतात. सारख्या जोड्यांमध्ये निदान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा आणि प्रश्नात एक वेगळं सूत्र, म्हणजे उत्तराकडे नेणारा धागा, घाला. उलट-सुलट दोन्ही बाजूंनी विचारणारा कार्डप्रकार अंकीत तयार मिळतो, तो टोपणनावांना योग्य: ‘ग्रेस’वरून माणिक गोडघाटे, गोडघाट्यांवरून ग्रेस. ‘आरती प्रभू’ आणि खानोलकर यांनाही तोच. पण लेखक आणि पुस्तक यांना उलटी बाजू लावू नका. ‘खांडेकरांनी काय लिहिलं?’ याला एक उत्तर नाही, आणि ज्याला एक उत्तर नाही ते कार्ड नव्हे, तो निबंधाचा विषय.

पुरस्कारांत वर्षं तपासून घ्या. ‘ययाती’ 1959 ची, साहित्य अकादमी 1960, ज्ञानपीठ 1974. तीन वेगळी वर्षं, तीन वेगळी कार्डं. मराठीची ज्ञानपीठं क्रमाने खांडेकर 1974, कुसुमाग्रज 1987, विंदा करंदीकर 2003 आणि नेमाडे 2014. अशा छोट्या यादीला गाळलेल्या जागांचं कार्ड चालतं: चारही नावं समोर, एकच झाकलेलं. पूर्ण यादी एका दमात मागणारं कार्ड कधीच पक्कं होत नाही. तीन आठवली आणि एक राहिलं, तर बटण कोणतं दाबणार?

विज्ञानात ‘काय’ विचारणारी कार्डं लवकर पाठ होतात आणि उपयोगाला येत नाहीत. रामन, 28 फेब्रुवारी 1928, नोबेल 1930 हे शाळेतल्या मुलालाही येतं. क्विझमध्ये विचारतात ते यंत्रणेबद्दल. रॅले विकिरणात (प्रकाश विखुरण्याचा एक प्रकार) प्रकाशाची तरंगलांबी तीच राहते. रामन परिणामात रेणू कंपनाची थोडी ऊर्जा घेतो किंवा देतो आणि तरंगलांबी बदलते. रॅले विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून 450 नॅनोमीटरचा निळा 650 च्या लालापेक्षा सुमारे चौपट विखुरतो. याला जोडूनच ‘मग आकाश जांभळं का नाही?’ हे कार्ड हवं: सूर्यप्रकाशात जांभळा कमी आणि आपला डोळाही त्याला कमी दाद देतो. चंद्रशेखर मर्यादेचंही तसंच. 1.4 सूर्यवस्तुमान हा आकडा एक कार्ड, आणि ‘ही मर्यादा कोणत्या ताऱ्याची, त्याला कशाचा दाब तोलून धरतो?’ हे दुसरं (श्वेत बटू, इलेक्ट्रॉनांचा अपभ्रष्ट दाब). दुसरं नसेल तर पहिलं सहा महिन्यांत पोकळ होतं. आइन्स्टाइनचं 1921 चं नोबेल प्रकाशविद्युत परिणामासाठी, सापेक्षतेसाठी नव्हे, हे मात्र सुटं कार्ड म्हणून छान तगतं, कारण त्यात विरोध आहे.

संगीत हा अंकीतला सर्वांत देखणा भाग, आणि तिथेच बहुतेक लोक नुसता मजकूर लिहून मोकळे होतात. भूप आणि देशकार दोन्हींत सा रे ग प ध. लिहिलेलं कार्ड एवढंच सांगतं की भूपात वादी (मुख्य स्वर) गंधार, संवादी (त्याच्या खालोखालचा) धैवत, थाट (रागाचं कुळ) कल्याण. देशकारात वादी धैवत, संवादी गंधार, थाट बिलावल. हे पाठ करून कान रिकामाच राहतो. कार्डाला 15-20 सेकंदांचा तुकडा जोडा, प्रश्न फक्त आवाज. तुकडा निवडताना आलापाचा आरंभ घेऊ नका, जिथे गाणं धैवतावर रेंगाळून वर झेपावतं ती जागा घ्या. उत्तराच्या बाजूला वादी-संवादी आणि वेळ. मारवा, पूरिया, सोहनी यांचे तीन-तीन तुकडे करा, वेगवेगळ्या गायक-वादकांचे. एकच तुकडा असेल तर राग नव्हे, त्या गायकाचा घसा पाठ होतो. 64 केबीपीएसचा मोनो एमपीथ्री 20 सेकंदांना जेमतेम 160 केबी घेतो, 500 तुकडे 80 एमबीत बसतात.

तालांना आवाजापेक्षा आकृती बरी. रूपकाच्या 7 मात्रा 3-2-2 अशा, आणि सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’वरच (जिथे टाळी देत नाहीत तिथे). झपताल 10, 2-3-2-3. पाश्चात्त्य संगीतात आकडे फसवतात. ‘नववी सिंफनी’ म्हटलं की बेटहोवेन (1824) आणि द्वोर्झाक (1893) दोघंही हात वर करतात. मोझार्टच्या शेवटच्या तिन्ही सिंफनी, 39, 40, 41, 1788 च्या एकाच उन्हाळ्यातल्या. मोझार्टच्या रचनांच्या सूचीतले कोशेल क्रमांक 543, 550, 551. तिघींचं मिळून एक, आणि ‘ज्युपिटर’ टोपणनावाचं एक, बास.

धर्माच्या कार्डांत एक शिस्त लागते: जिथे परंपराच दोन उत्तरं देते, तिथे कार्डानेही दोन द्यावीत. बारा ज्योतिर्लिंगांतली महाराष्ट्रातली किती? आपण पाच म्हणतो: त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर, घृष्णेश्वर, औंढा नागनाथ, परळी वैजनाथ. पण नागेशावर द्वारकेजवळच्या नागेश्वराचा दावा आहे आणि वैद्यनाथावर झारखंडातल्या देवघरचा. स्तोत्राच्या एका पाठात ‘परल्यां वैद्यनाथं च’ आहे, दुसऱ्यात ‘वैद्यनाथं चिताभूमौ’. कार्डावर हा पाठभेदच विचारा. वाद का आहे ते कळलं की समोरचा कुठल्या बाजूने विचारतोय हेही ओळखू येतं. जैन तीर्थंकरांची लांछनं, म्हणजे ओळखचिन्हं (ऋषभ बैल, अजित हत्ती, संभव घोडा, शांती हरिण, नेमी शंख, पार्श्व सर्प, महावीर सिंह) मात्र चित्रकार्डांवरच करावीत, कारण प्रश्न मूर्तीचा फोटो दाखवूनच येतो. चित्राचा भाग झाकून विचारण्याची सोय आता अंकीतच आहे. पायथ्याचं चिन्ह झाकू नका, नाव कोरलेलं असेल तर ते झाका. (हे उलटं करणारे भेटतात.)

मराठीत लिहिताना दोन खास त्रास. उत्तर टाइप करवून तपासणारा कार्डप्रकार देवनागरीला नकोच. तो अक्षर अन् अक्षर जुळवतो, ‘पुरिया’ आणि ‘पूरिया’त लाल रेघा मारतो. दुसरं, ‘ॲ’ हे एकच चिन्ह आणि अ-वर चंद्र देऊन केलेला ‘अॅ’ दिसायला एक, पण कॉम्प्युटरला दोन वेगळे. शोधताना निम्मी कार्डं सापडत नाहीत. एकच कळफलक ठरवा. आकड्यांचंही तेच, 1761 शोधलं तर १७६१ येईलच असं नाही.

माहिती घ्यायची कुठून? मराठी विश्वकोशातल्या इतिहास, धर्म आणि संगीताच्या नोंदी कार्डांना फार उपयोगी, वाक्यं मोजकी असतात. विज्ञानाच्या नोंदीत खंडाचं वर्ष बघूनच उतरवा. पहिला खंड 1976 चा. प्लूटो ग्रहांच्या यादीतून गेला 2006 मध्ये, त्याआधी छापलेल्या खंडात ग्रह नऊच असणार. इंटरनेटवरचे तयार डेक, म्हणजे कार्डांचे गठ्ठे, घेऊ नका असं नाही, पण त्यातली सूत्रं दुसऱ्याच्या वाचनातली असतात. घेतलेच तर दिवसाला पाच, आणि आपल्या शब्दांत लिहून.

फोन आणि कॉम्प्युटर जुळवताना एक जागा धोक्याची. कार्डप्रकाराचे रकाने बदललेत की पुढच्या सिंकला अंकी विचारतं: इथलं वर चढवू की तिथलं खाली उतरवू? चुकीचं दाबलंत तर त्या मधल्या दिवसांची मेहनत पुसली जाते. आधी दोन्हीकडे सिंक, मग रकान्यांना हात, आणि महिन्यातून एकदा मीडियासकट (आवाज आणि चित्रं) एक्सपोर्ट करून प्रत ठेवा.

आठ वेळा विसरलेल्या कार्डावर अंकी ‘लीच’, म्हणजे जळू, अशी खूण करतं. महिनाअखेरीस त्या काढून बघा. बहुतेक जळवा दोन प्रकारच्या: एकमेकांसारख्या जोड्या आणि संदर्भ नसलेले आकडे. पहिल्यांना प्रश्नात वेगळं सूत्र द्या, दुसऱ्या सरळ काढून टाका. प्रवासात किंवा लग्नसराईत दहा दिवस सुटले तर नवी कार्डं शून्यावर आणा आणि उजळणीचा क्रम असा लावा की आठवण्याची शक्यता जास्त असलेली आधी येतील. थकबाकी चार-पाच दिवसांत निवळते, तोवर नवीन काही घालू नका.