मार्टिन डी-२८ : हवी सगळ्यांना, पण बोटांनी वाजवणाऱ्यांनी जरा थांबावं

दुकानात अमेरिकेच्या मार्टिन कंपनीची डी-२८ गिटार मांडीवर घ्यावी, ‘जी’ कॉर्ड (स्वरांचा मेळ) धरून तारांवर एकदा पिक (तारा छेडायची चपटी पट्टी) फिरवावा, की बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो. खर्ज छातीत जाणवतो आणि आवाज कितीही जोर लावला तरी फाटत नाही. गिटार अव्वल आहेच. मात्र घरी पिकला हात न लावता फक्त बोटांनी वाजवत असाल, तर लाखांच्या घरातला हा खर्च करण्याआधी तिची बांधणी नीट समजून घ्या.

डी-२८ चा ड्रेडनॉट हा मोठ्या पेटीचा आकार मार्टिनने १९१६ साली बॉस्टनच्या डिटसन कंपनीसाठी पहिल्यांदा बनवला. पुढे बँजो आणि फिडलच्या (व्हायोलिनच्या) गलक्यातही गाणाऱ्याला साथ ऐकू जावी म्हणून ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीतवाल्यांनी तो उचलून धरला. पेटी खालच्या बाजूला ३९७ मिमी रुंद आणि १२४ मिमी खोल. वरची फळी सिटका स्प्रूसची; पाठ आणि कडा भारतीय रोझवूडच्या, म्हणजे आपल्या जुन्या वाड्यांतल्या पलंगांची शिसवी. एवढी मोठी फळी हलवायला जोर लागतो. पिक तो सहज देतो, नुसती नखं किंवा बोटांची पेरं देत नाहीत. हळू वाजवलं की फळी अर्धवट जागी होते, खर्ज तेवढा पुढे येतो आणि पहिल्या-दुसऱ्या, म्हणजे सगळ्यात बारीक तारांवरची चाल मागे पडते.

खर्जाचं कारण पेटीतच आहे. या आकाराच्या पेटीतल्या हवेचं स्वतःचं कंपन साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतं आणि सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीचा) ‘जी’ स्वर येतो ९८ हर्ट्झला. त्यामुळे नेमका तोच स्वर फुगतो. स्ट्रमिंगमध्ये, म्हणजे सगळ्या तारा एकदम छेडताना, सगळी कॉर्ड त्याच्यावर उभी राहते, तेव्हा तो हवाच असतो. पण अंगठ्याने खर्ज आणि अनामिकेने चाल वाजवताना तोच ‘जी’ पुढच्या दोन मात्रांवर पसरतो. दुकानात हे पाहायचं असेल तर तो ‘जी’ अंगठ्याने छेडा, लगेच अनामिकेने पहिली तार मोकळी वाजवा आणि कान पहिल्या तारेवर ठेवा. प्रत्येक वेळी तळहाताच्या कडेने सहावी तार दाबावी लागत असेल, तर घरीही तेच करत बसावं लागेल. माइक किंवा पिकअप (तारांचं कंपन टिपणारं उपकरण) लावला की हाच स्वर फीडबॅक देतो, म्हणजे स्पीकरमधून घुमत राहतो. तेव्हा इक्वलायझरवर १०० हर्ट्झला ३-४ डेसिबल कमी करावे लागतात.

नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) रुंदी पाहून फसू नका. २०१७ पासूनच्या डी-२८ ला ४४.५ मिमीचा नट आहे, त्यामुळे डाव्या हाताच्या बोटांना जागा भरपूर मिळते. त्याआधीच्या बहुतेक डी-२८ ना ४२.९ मिमीचा असायचा, म्हणून सेकंडहँड घेताना व्हर्नियर कॅलिपर लावून मोजा. खरी अडचण उजव्या हाताची आहे. पेटी खोल आणि कंबर उथळ असल्याने गिटार मांडीवर उंच बसते, खांदा वर चढतो आणि पेटीची कड हाताला खालून रुतते. पाच मिनिटांत हे कळत नाही. बिनहाताच्या स्टुलावर निदान वीस मिनिटं बसा, आणि वाजवताना आपण रोज वाजवतो तोच तुकडा वाजवा.

तारा कुठल्या लावल्या आहेत तेही विचारा. १३-५६ च्या (पहिल्या आणि सहाव्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) मिडियम सेटचा एकूण ताण सुमारे ८४ किलो, १२-५३ च्या लाइट सेटचा सुमारे ७३. बोटांसाठी लाइटच बरा. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची २.२ मिमी आणि पहिलीची १.७ मिमी मिळाली तर उत्तम. तिथे अर्धा मिमी कमी करायचा तर सॅडलच्या (पेटीवरच्या ब्रिजमध्ये बसवलेल्या, तारा टेकतात त्या पट्टीच्या) बुडातून एक मिमी घासावा लागतो. पण आधी ५ मिमीच्या ॲलन कीने ट्रस रॉड (मानेतली बाक कमी-जास्त करणारी सळई) पाहून मानेचा बाक ०.२ मिमीच्या आसपास आणा. हा क्रम उलटला की तारा फ्रेटवर खरखरतात आणि नवीन सॅडल घालायची वेळ येते. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात पावसाळ्यात फळी फुगून ॲक्शन (तारांची उंची) वर येते, त्यामुळे ऐन जुलैत सॅडल घासू नका. ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत गिटार काही दिवस केसमध्ये राहू द्या, मगच मोजा.

मार्टिनच हवी असेल तर ०००-२८ वाजवून पाहा. लाकूड तेच, खोली १०५ मिमी, स्केल (नटपासून सॅडलपर्यंत तारेची लांबी) ६४५ ऐवजी ६३२ मिमी. त्याच तारांचा ताण जवळपास चार टक्क्यांनी उतरतो आणि हळू वाजवलं तरी पहिली तार स्पष्ट ऐकू येते. लांब स्केलची सवय असेल तर त्याच मापाच्या पेटीची ओएम-२८. गाण्याला पिकने साथ करणाऱ्यांनी मात्र बेलाशक डी-२८ च घ्यावी. त्या कामात ०००-२८ लवकर दमते.

डी-२८ घेऊन झालीच असेल तर तिसऱ्या-चौथ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून पाहा. खर्ज आवरतो, चाल वर येते. अंगठ्याला थंबपिक (अंगठ्यात अडकवायचा पिक) घालू नका, त्याने खर्ज आणखी वाढतो. हात ब्रिजकडे दोन-तीन सेंटिमीटर सरकवा.

एवढे पैसे घालण्याआधी आपला हात कुठल्या पेटीवर रमतो हे पाहायचं असेल तर यामाहाची एफजी८०० आणि एफएस८०० शेजारी ठेवून वाजवा. पहिलीचं स्केल ६५० मिमी, दुसरीचं ६३४, आणि दुसरीची पेटी लहान. दोन्हींवर आधी तारा सारख्या आहेत याची खात्री करा, नाहीतर फरक पेटीचा की तारांचा हे कळणार नाही.