वाळवी पाळायचीच असेल, तर कोणती?

"लोक पेस्ट कंट्रोलवाल्याला पैसे देतात आणि तू वाळवीला खाऊ घालतोस?" आमच्या घरातली पहिली प्रतिक्रिया ही होती. तुमच्याकडेही वेगळी नसेल. त्यामुळे डबा आणण्याआधीच नीट ठरवलेलं बरं.

या छंदाकडे बरेच जण मुंग्या पाळून येतात आणि इथेही तसंच असेल असं धरून चालतात. तसं नसतं. वाळवीचं नातं मुंगीशी नाही, झुरळाशी आहे. तिच्यात अळी-कोष हा प्रकार नाही, पिल्लू पहिल्या दिवसापासून छोट्या वाळवीसारखंच दिसतं. कामकऱ्यांत नर-मादी दोन्ही असतात, आणि मुंग्यांचा नर मीलनानंतर मरतो तसा वाळवीचा राजा मरत नाही, तो राणीजवळ संसार करतो. हे सगळं वाचायला छान आहे, पण डब्यात काय दिसणार? मुंगी साखरेच्या कणावर उघड्यावर येते. वाळवी उजेड टाळते, अंगाला वारा लागू देत नाही आणि शक्य तितकं आपल्या अन्नाच्या आतच राहते. निव्वळ हालचाल बघायची असेल तर मुंग्याच पाळा, मी नाराज होणार नाही.

तरीही वाळवीच हवी असेल तर आपल्याकडे सहज भेटणारे तीन प्रकार आहेत. पहिली कोरड्या लाकडातली, क्रिप्टोटर्मिस. जुन्या खुर्चीखाली खसखशीसारखे दाणे पडतात ना, ती तिची विष्ठा. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक दाण्याला सहा कडा दिसतात. दुसरी जमिनीतून मातीच्या नळ्या काढत भिंतीवर चढणारी, कॉप्टोटर्मिस. तिच्या सैनिकाला डिवचलं तर डोक्यातून दुधासारखा चिकट थेंब येतो. तिसरी वारूळवाली, ओडोंटोटर्मिस, जी आत अळंबीची शेती करते.

निवडीचा खरा प्रश्न खाण्याचा आहे, म्हणून आधी तेच.

कोरड्या लाकडातलीला तुम्ही भरवत नाही. लाकूडच तिचं घर आणि तेच ताट. आंब्याच्या किंवा पॅकिंगच्या पाइनच्या फळीचा तुकडा द्यायचा आणि महिनोन्‌महिने विसरायचं. वरून पाणी द्यायचं नाही. लाकडातल्या आणि हवेतल्या ओलाव्यावर ती भागवते. सागाचा गाभा देऊन तिची परीक्षा बघू नका. प्लायवूडही नको, त्यातल्या डिंकाचा आणि औषधाचा भरवसा नाही.

कॉप्टोटर्मिसला लाकूड चालतं, छपाई नसलेला पुठ्ठा चालतो, साधा टिश्यू पेपरही चालतो, पण बरोबर ओल हवीच. वाळूत व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं, कुंड्यांत घालतात ते हलकं खनिज) मिसळून भिजवायचं. मुठीत लाडू वळला पाहिजे, बोटांतून पाणी सुटता कामा नये. इतकं जमलं की ती भराभर पोखरते. या दोघींच्या पोटात लाकूड पचवणारे सूक्ष्म एकपेशीय जीव असतात. कात टाकली की तेही जातात आणि सोबतिणीच्या गुदद्वारातून मिळणाऱ्या द्रवातून परत घ्यावे लागतात. म्हणून एकटी वाळवी बाटलीत ठेवून काही होत नाही, टोळीच लागते.

ओडोंटोटर्मिसचं खाणं वाळका पाला, काटक्या, कडबा, गोवरीचा चुरा. हे सगळं फुकट मिळतं, आणि तिथेच फसायला होतं. ती जे चघळते ते आधी अळंबीच्या मळ्यात जातं. अक्रोडासारख्या सुरकुत्यांचा तो स्पंजी गोळा असतो, त्यावर बुरशीचे पांढरे मणी उगवतात, आणि वाळव्या ते मणी व जुना झालेला मळा खातात. म्हणजे तुम्हाला वाळवीबरोबर बुरशीही पाळायची आहे. हवा जवळजवळ पूर्ण दमट, तापमान तिशीच्या आसपास, आणि मळ्याची मशागत करायला पुरेसे कामकरी. ते कमी पडले की झायलेरिया नावाची दुसरी बुरशी मळा बळकावते. गोळ्यातून काळपट काटक्या उभ्या राहिल्या की समजायचं, खेळ संपला.

पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटखाली पंखवाल्या वाळव्यांचा सडा पडतो तेव्हा अनेकांना वाटतं, जोडी उचलली, ओल्या मातीत ठेवली, झालं. राजाराणी खरोखर बीळ करतात, अंडी घालतात, पिल्लंही होतात. पण ओडोंटोटर्मिसची राणी बुरशी बरोबर आणत नाही. पहिल्या कामकऱ्यांनी बाहेर जाऊन बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, गोळा करायचे असतात. बंद बरणीत ते कुठून आणणार? ताज्या मळ्याचा तुकडा तुम्ही आणून दिला नाही, तर आपल्या डोळ्यांदेखत ते उपाशी मरतात. वारूळ फोडून राणी काढायचा विचारही करू नका. राणीची कोठडी फोडताना राणी सहसा वाचत नाही, आत नाग असू शकतो, आणि नागपंचमीला तिथे हळदकुंकू वाहणारी माणसं तुम्हाला काय म्हणतील ते वेगळंच.

आता पळून जाण्याचं. इथे लोकांचा अंदाज उलटा असतो. कॉप्टोटर्मिस भयानक वाटते, आणि मऊ प्लास्टिक, फोम ती कुरतडतेच. पण कोरड्या फरशीवर निसटलेली काही कामकरी थोड्या वेळात सुकून जातात. घरात झिरपणारी भिंत असेल तर मात्र हा दिलासा विसरा. मुंबईतल्या बऱ्याच घरांत ती असते. उलट क्रिप्टोटर्मिस एरवी लाकडाबाहेर येत नाही, पण पंख फुटलेली जोडी उडाली तर तिला ओल लागत नाही, तुमचं कपाट पुरतं. एवढंच नाही, मागे राहिलेल्या तुकड्यात थोड्याच वाळव्या असल्या तरी त्यांतून नवे राजाराणी तयार होऊ शकतात. म्हणून तिच्यासाठी घट्ट झाकणाची काचेची बरणी आणि बारीक स्टीलची जाळी, यात तडजोड नाही. डबा कोणताही असो, पाण्याच्या ताटात ठेवा. आजी गुळाचा डबा ठेवायची तसाच, कारण मुंग्यांची रांग लागली तर एका रात्रीत वसाहत साफ होते.

बघायला काय मिळतं? क्रिप्टोटर्मिसमध्ये जवळजवळ काही नाही. जोडीपासून सुरुवात केलीत तर पहिल्या वर्षी बोटांवर मोजण्याइतकी पिल्लं. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये पातळ फळी दाबली तर बोगदे दिसतात, तेवढंच. कॉप्टोटर्मिस नळ्या बांधते, वाटा आखते. तिथे मजा आहे. मात्र राणीशिवाय उचललेली टोळी काही महिने चालते आणि ओसरत जाते. अमेरिकेतल्या शाळांत रेटिक्युलिटर्मिस या तिच्यासारख्याच वाळवीचा एक खेळ करतात. कागदावर ठरावीक बॉलपेनने गोल काढायचा, वाळव्या रेघेवरून चालत राहतात, कारण त्या शाईतलं एक रसायन त्यांच्या माग काढायच्या वासासारखं असतं. तिकडे असाल तर मुलांना जरूर दाखवा, पण टोळी आसपासच्या ओंडक्यातलीच घ्या. दुसऱ्या राज्यातून वाळवी मागवायला कृषी खात्याचा परवाना लागतो. इंग्लंडमध्ये तर नादच नको. डेव्हनमधल्या सॉन्टनला 1994 साली वाळवी सापडली आणि ती संपवायला सरकारला दोन दशकांहून जास्त काळ लागला.

माझं मत विचाराल तर फ्लॅटमध्ये पहिल्यांदा पाळणाऱ्याने कॉप्टोटर्मिसची शंभर-दोनशेची टोळी सपाट काचेच्या डब्यात घ्यावी, तीही भिंती कोरड्या असतील तरच. ती मुळातच काही महिन्यांची पाहुणी आहे, हे धरूनच. वर्षानुवर्षं टिकणारं काही हवं असेल आणि हातात संयम असेल तर क्रिप्टोटर्मिस. लाकडी फर्निचर भाड्याच्या घराचं असेल तर तीही नको. ओडोंटोटर्मिस गावी अंगण असलेल्याने बाहेरच बघावी. पालथ्या मडक्यात ओला कडबा आणि गोवरी भरून वारुळाजवळ ठेवा, चार-आठ दिवसांनी हळूच उचला. पावसाळ्यात त्याच वारुळावर अळंबी उगवली तर गोव्यात रोवणाची (वारुळाची) अळंबी म्हणून चढ्या भावाने विकतात ती हीच. आणि नको झालेली टोळी बागेत सोडू नका, डबा दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. घरच्यांना आधी सांगून.