घरी लावायच्या आयलॅशेस: सात महिन्यांच्या वापरानंतर

आठवड्यातून एकदा-दोनदा असा ७ महिने वापर. खोटे केस ज्या पट्टीवर बसवलेले असतात, तिचे दोन प्रकार: काळ्या दोऱ्याची आणि पारदर्शक. पारदर्शक पट्टी लायनरशिवाय खपून जाते, पण काढताना जरा ओढली की पीळ बसतो आणि मग ती कधीच नीट टेकत नाही. काळी पट्टी लायनरखाली लपते आणि आठ-दहा वेळा आरामात चालते. रोजच्या कामाला काळीच बरी.

पाकिटातून काढल्या काढल्या लावू नका. पट्टी बोटाभोवती हलकी गुंडाळून मिनिटभर ठेवा, म्हणजे तिचा ताठपणा जातो. मग गोंद न लावता डोळ्यावर धरून माप घ्या. नाकाकडचा कोपरा २-३ मिमी मोकळा राहायला हवा, नाहीतर दिवसभर टोचतं. जादा लांबी बाहेरच्या टोकाकडून कापा. आतल्या बाजूचे केस मुद्दाम आखूड असतात, तिकडून कापलं तर सगळा उतार बिघडतो.

सगळा खेळ गोंदाचा आहे. पांढरा गोंद पाण्यात कालवलेला असतो आणि पाणी उडाल्यावरच चिकटपणा येतो. ओला असताना लावला तर पट्टी घसरते आणि तो पापणीभर पसरतो. पंख्याखाली ३० सेकंद पुरतात, मुंबईच्या पावसाळ्यात मिनिट लागतं. घड्याळापेक्षा रंग बघा: दुधासारखा पांढरेपणा जाऊन कडा किंचित पारदर्शक झाल्या की वेळ झाली. ताण टोकांवर येतो, म्हणून दोन्ही टोकांना थोडा जास्त लावा. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर लॅटेक्स नसलेलाच घ्या. नवा गोंद आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास बघा. आणि नखांचा गोंद चुकूनही नाही! ट्यूब सारखीच दिसते, पण तो सुपरग्लूच्या जातीचा असतो.

स्वतःच्या पापण्यांना मस्कारा आधी लावून वाळवा. आरसा हनुवटीखाली ठेवून खाली बघा, म्हणजे पापणी ताणली जाते आणि केसांची मुळं दिसतात. चिमट्याने पट्टी मधोमध, केसांच्या बाजूने धरा. आधी मध्य टेकवा, मग बाहेरचं टोक, शेवटी आतलं. पट्टी आणि मुळं यांच्यात त्वचेची रेघ दिसली तर पट्टी वर बसली आहे. गोंद ओलसर असेतो ती खाली सरकते, नंतर ओढू नका, काढून पुन्हा लावा.

काढताना घाई केली तर खऱ्या पापण्या सोबत येतात. लेन्स असतील तर त्या आधी काढा. तेलयुक्त रिमूव्हर लावलेला कापूस मिटल्या डोळ्यावर ३० सेकंद धरा, घासू नका. मग बाहेरच्या टोकाकडून नाकाकडे सोलत या. कुठे अडलं तर तिथे इअरबडने थोडं तेल लावून थांबा. खोबरेल तेलानेही काम होतं, फक्त डोळ्यात गेलं की बराच वेळ धूसर दिसतं.

पट्टीवरचा जुना गोंद त्याच रात्री चिमट्याने सोलावा, दुसऱ्या हाताने पट्टी धरून, केस धरून नव्हे. थर राहिला की पट्टी जाड होते आणि आतलं टोक उचलायला लागतं. सात महिन्यांत जितक्या जोड्या टाकाव्या लागल्या, त्यातल्या बहुतेक याच कारणाने. दुसरं कारण वॉटरप्रूफ मस्कारा. तो खोट्या केसांवर एकदा बसला की धुताना केस गळतात, तो निघत नाही.