प्रौढ साक्षरता वर्ग, सव्वा वर्षानंतरचा रिव्ह्यू: शिकणारे टिकतात, पळतो आपण

साडेतीन स्टार देतेय. पाच द्यायची मनापासून इच्छा होती, दीड का कापला ते खाली येईलच, त्यातला अर्धा माझ्या स्वतःच्या नावावर कापलाय.

सव्वा वर्षापूर्वी एका संस्थेच्या प्रौढ वर्गात शिकवायला नाव दिलं. संस्थेचं नाव टाकत नाही, कारण चार ठिकाणी शिकवलेल्या लोकांशी बोलले तर तक्रारी सगळीकडच्या सारख्याच निघाल्या. आठवड्यातून दोन संध्याकाळी दीड-दीड तास, फी नाही, वही-पेन्सिल तेच देतात, आणि एका व्हॉलंटियरकडे दोन, फार तर तीन शिकणारे. हे शेवटचं सगळ्यात भारी आहे. मोठ्या माणसाला वीस जणांसमोर फळ्याशी उभं केलं की तो दुसऱ्या दिवशी येत नाही, साधी गोष्ट आहे, पण भल्याभल्यांना कळत नाही. दुसरं आवडलं ते म्हणजे 'निरक्षर' हा शब्द तिथे कुणी तोंडातून काढत नाही. फॉर्मवरही 'वाचन वर्ग' एवढंच आहे. शिवाय कुणी विचारलंच तर 'मोबाईल शिकायला जाते' असं सांगायची सोय आहे कारण शेजारच्या खोलीत तो वर्ग खरंच चालतो. बऱ्याच जणी घरी हेच सांगून येतात.

ट्रेनिंग मात्र फुसकं. दोन दिवसांचं होतं, त्यातला दीड दिवस स्लाइड. जगात ७५ कोटींच्या आसपास प्रौढांना अजून लिहिता-वाचता येत नाही आणि त्यात जवळजवळ दोन तृतीयांश बायका आहेत, हे ऐकून आम्ही सगळे हळहळलो. मग ८ सप्टेंबर हा साक्षरता दिन, युनेस्कोने १९६६ साली जाहीर केला आणि १९६७ पासून साजरा होतो वगैरे. सगळं बरोबर आहे हो, पण समोर पंचावन्न वर्षांची बाई पेन्सिल धरून बसली की पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं हे कुणी सांगितलं नाही.

माझ्याकडे ज्या आल्या त्यांना मी मावशी म्हणते, त्या मला ताई म्हणतात, वयाने मी त्यांच्या मुलीएवढी असूनही. पहिल्या दिवशी त्यांनी पेन्सिल अशी आवळून धरली की दोनदा टोक मोडलं आणि तिसऱ्यांदा कागद फाटला. आयुष्यभर शिवणकाम केलेला हात, सुईत दोरा न बघता ओवतील, पण पेन्सिल म्हणलं की बोटं लाकडासारखी. मी 'रिलॅक्स रिलॅक्स' म्हणत राहिले, त्याने काय होणार. शेवटी त्यांनाच सुचलं, म्हणाल्या खडू द्या, कापडावर मार्किंग करतो तसा. खडूने ग म भ न अर्ध्या तासात गिरवून झालं. पुढचे दोन आठवडे आम्ही पाटीवरच होतो. हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नव्हतं.

आणि मग वेलांटी आली. 'कि' लिहायला घेतलं तर मावशी थांबल्या. बोलताना आधी क येतो मग इ, मग लिहिताना इ आधी का काढायची? मी गप्प. इतकी वर्षं मराठी लिहितेय, एकदाही हा प्रश्न पडला नव्हता. मग पुढे 'सूर्य' मध्ये तर कहर, र ऐकू येतो य च्या आधी आणि जाऊन बसतो य च्या डोक्यावर. लहान मुलं असलं काही विचारत नाहीत, सांगितलं की गिरवतात. मोठी माणसं कारण मागतात आणि कारण नाही मिळालं तर त्यांना वाटतं आपल्यालाच कळत नाहीये. मी शेवटी सरळ सांगितलं की मावशी, याला लॉजिक नाही, लिहायची पद्धत पडलीय तशी, तुमचा प्रश्न बरोबर आहे. त्यांचा चेहरा खुलला की ओ. त्यानंतर त्या बिनधास्त प्रश्न विचारायला लागल्या.

आता पुस्तकाबद्दल. पहिला अर्धा स्टार इथे कापलाय. संस्थेने दिलेलं पुस्तक मुलांच्या पुस्तकावरूनच केलेलं वाटतं, बदक, कमळ, छगन. मावशींना बदकाशी काय घेणंदेणं? त्यांना वाचायचं होतं नवऱ्याच्या गोळ्यांच्या पाकिटावर डॉक्टरांनी काय लिहिलंय ते. 'सकाळ' आणि 'रात्र', बास, एवढेच दोन शब्द. सकाळ पटकन झालं. पण रात्र मध्ये त्र, आणि जोडाक्षरं पुस्तकात पार शेवटच्या भागात, म्हणजे आमच्या वेगाने सात-आठ महिन्यांनी. कोऑर्डिनेटर म्हणाले क्रम सोडू नका, गोंधळ होईल. मी सोडला. पहिल्याच महिन्यात मावशींनी 'रात्र' एक अख्खं चित्र पाठ करावं तसं ओळखायला सुरुवात केली, त्र कसा बनतो ते नंतर कळलं, काही बिघडलं नाही.

नंतर वाचत बसले तेव्हा कळलं की यात माझी अक्कल काही नवी नाही. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेइरे या शिक्षणतज्ज्ञांनी १९६३ मध्ये आंजिकोस नावाच्या गावात साधारण ३०० मजुरांचे वर्ग घेतले, ४० तासांचा कोर्स, आणि त्यात छापील पुस्तकापेक्षा लोकांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द आधी घेतले. त्यांच्या पद्धतीतलं गाजलेलं उदाहरण म्हणजे 'तिजोलो', म्हणजे वीट. बांधकामावर राबणारा माणूस वीट हा शब्द विसरेल कसा? मग त्याच शब्दाची फोड करून ता ते ति तो तु, जा जे जि जो जु, ला ले लि लो लु. हे बघून मी हसलेच, ही तर आपली बाराखडी! ती बिचाऱ्यांना पोर्तुगीजमध्ये तयार करावी लागली, आपल्याकडे आयती आहे, आणि आपण ती कोरडी पाठ करून घेतो, कुठल्या शब्दातून आली त्याचा पत्ताच नसतो. मग मी उलटं केलं, आधी 'गोळी', मग ग ची बाराखडी, मग ळ ची. बाराखडी चौदा दिवसांत बसली. हे अंदाजे नाही सांगत, वहीत तारखा आहेत.

चष्म्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण इथे मला सगळ्यात जास्त राग आला. माझ्या बाजूच्या टेबलावर एक काका होते, पाच महिने झाले तरी अक्षर ओळखेनात, रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे 'गती मंद' असा शेरा. एक दिवस ते मोठ्या पाट्या दुरून झटकन वाचताना दिसले, बाहेरचा 'बंद' आणि 'ढकला' सुद्धा. जवळचंच दिसत नव्हतं हो माणसाला! चाळिशीनंतर जवळची नजर कमी होते हे शाळेतल्या पोराला पण माहीत आहे, आणि पन्नाशीच्या माणसांचा वर्ग चालवणाऱ्या संस्थेने पहिल्या दिवशी डोळे तपासायला सांगू नये? ज्या माणसाने कधी काही वाचलंच नाही त्याला चष्मा लागलाय हे कळणार कुठून, त्याला वाटतं अक्षरं अशीच धुरकट असतात. चष्मा आल्यावर काका दोन महिन्यांत दोन-दोन अक्षरी शब्दांवर आले. शेरा अजून रजिस्टरमध्ये तसाच आहे. इथे अर्धा स्टार अजून गेला.

हिशोबाबद्दल थोडक्यात, कारण तिथे शिकवण्यासारखं कमीच होतं. मावशींना तोंडी हिशोब माझ्यापेक्षा जलद येतो. १०० मधून ६३ वजा करायला सांगितलं तर त्या वजा करतच नाहीत, ६३ वरून सात चढतात ७० ला, मग तीस, झाले ३७. कागदावर हातचा घ्यायला शिकवला तर उत्तर चुकायला लागलं. मी हातचा सोडून दिला, फक्त आकडे लिहायला शिकवले.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले. असे वर्ग का बंद पडतात असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं, 'लोक येतच नाहीत, त्यांना आवडच नसते'. साफ खोटं आहे. माझ्या बॅचला सुरुवातीला आम्ही अकरा व्हॉलंटियर होतो आणि सव्वीस शिकणारे. वर्षाअखेर शिकणारे उरले एकोणीस, व्हॉलंटियर उरलो चार. गेलेल्या सात शिकणाऱ्यांपैकी पाच जण त्यांच्या ताई-दादाने येणं बंद केल्यावर गेले. कुणी नवीन माणसासमोर परत पहिल्यापासून आपलं अज्ञान उघडं करायचं? एकदाच हिंमत होते. व्हॉलंटियर लोकांची कारणं ऐका, नोकरी बदलली, परीक्षा आली, कंटाळा आला, सर्टिफिकेट मिळालं (हे सर्वात कॉमन, तीन महिन्यांनी सर्टिफिकेट देतात, त्याच्या पुढच्या आठवड्यात टेबलं रिकामी). मी पण धुतल्या तांदळासारखी नाही. मार्चमध्ये ऑफिसचं काम वाढलं म्हणून तीन आठवडे सलग दांडी मारली, कळवलं पण नाही नीट. परत गेले तर कोऑर्डिनेटर म्हणाले मावशी सहाही दिवस आल्या होत्या, टेबलापाशी बसून जुनंच गिरवून परत गेल्या. मावशी मला एक शब्द बोलल्या नाहीत. नुसती वही पुढे केली, सहा पानं 'रात्र रात्र रात्र'. माझा अर्धा स्टार तो.

संस्थेने व्हॉलंटियर निवडतानाच डिग्री कमी बघावी आणि टिकणार का ते जास्त बघावं. अमेरिकेत साउथ कॅरोलायनाच्या जॉन्स आयलंडवर जानेवारी १९५७ मध्ये कृष्णवर्णीय प्रौढांसाठी पहिला 'सिटिझनशिप स्कूल' वर्ग सुरू झाला, दुकानाच्या मागच्या खोलीत, १४ जण. मतदार यादीत नाव घालायला वाचता येणं सक्तीचं होतं म्हणून. हा वर्ग उभा करणाऱ्यांपैकी सेप्टिमा क्लार्क स्वतः अनुभवी शिक्षिका, पण त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकवायला मुद्दाम शिक्षिका नाही निवडली, बर्निस रॉबिन्सन यांना निवडलं, ज्या केस कापायचं आणि शिवणाचं काम करायच्या. त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं काय की तुम्हाला काय शिकायचंय. माझ्या मावशींनी हे ऐकलं तर म्हणतील शिवणवाली आहे ना, मग जमणारच.

तसंच ते 'उद्दिष्ट पूर्ण' प्रकरण. रिपोर्टमध्ये सही करता आली की तो माणूस साक्षर धरतात. युनेस्कोने १९५८ मध्येच लिहून ठेवलंय की रोजच्या आयुष्याबद्दलचं छोटं साधं वाक्य समजून वाचता आणि लिहिता आलं पाहिजे, समजून हा शब्द महत्त्वाचा. सही म्हणजे चित्र काढणं झालं. सही येणारे आणि फॉर्मवरची एक ओळ न वाचता येणारे निदान सहा जण माझ्या डोळ्यांसमोर 'पास' झाले. आणि पास झाल्यावर पुढे काय वाचायचं? मोठ्या टाइपातलं, सोपं पण मोठ्या माणसांच्या विषयांवरचं वाचायला कपाटात चार पुस्तकं, त्यातली दोन पाण्याच्या नळाला तोटी कशी बसवावी याची. सरावच नाही म्हटल्यावर दोन वर्षांत परत होतं तिथेच.

शेजारच्या खोलीतल्या वर्गांबद्दल पण सांगते कारण तेही याच संस्थेचे आहेत, निवृत्त लोकांसाठी, आणि ते एक नंबर चालतात. तिथे शिक्षकच नाही. ज्याला जे येतं तो ते इतरांना शिकवतो, परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही. १९७३ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला म्हाताऱ्या लोकांसाठी विद्यापीठाने वर्ग काढले, ती 'थर्ड एज' (म्हणजे निवृत्तीनंतरचं वय) विद्यापीठं, आणि मग ब्रिटनवाल्यांनी १९८० च्या दशकात प्राध्यापक काढून टाकून आपापसात शिकायची पद्धत आणली, ती हीच. एक आजोबा रेडिओ दुरुस्ती दाखवतात, एक बाई नकाशे. मागच्या महिन्यात मावशींना तिथल्यांनी बोलावलं, ब्लाउजचं कटिंग शिकवायला. फळ्यावर मापं त्यांनी स्वतः लिहिली, छाती, कंबर, खांदा. छाती ची वेलांटी पहिली काढली, दुसरी हवी होती. समोर दोन रिटायर्ड मास्तर बसले होते, कुणी चुकूनही दुरुस्त केलं नाही, वहीत माप उतरवून घेतलं.

तर जा का? जा, पण आठवड्याच्या दोन ठरलेल्या संध्याकाळी निदान वर्षभर देता येणार असतील तरच नाव द्या, नाहीतर घरबसल्या मोठ्या टाइपात वाचनपाठ टाइप करून द्या, त्याचीही तिथे मारामार आहे. शिकायला कुणाला पाठवणार असाल तर आधी चष्मा करून मग पाठवा. संस्थेला विनंती, सर्टिफिकेट तीन महिन्यांऐवजी वर्षाने द्या, काकांच्या नावापुढचा तो शेरा खोडा, आणि मागच्या खोलीतली ट्यूबलाइट गणपतीच्या लायटिंगसारखी लुकलुकते, तिथेच सगळ्यात वयस्क बॅच बसते, ती बदलायला मी चार वेळा सांगून झालंय.