स्तोत्रसंहितेसाठी कॅल्व्हिन की मॅथ्यू हेन्री?

बायबलमधली स्तोत्रसंहिता नीट अभ्यासायची तर दोन जुने भाष्यकार हमखास सुचवले जातात: जिनिव्हाचा जॉन कॅल्व्हिन (लॅटिन भाष्य, 1557) आणि दीडशे वर्षांनंतरचा इंग्लंडमधल्या चेस्टरचा ख्रिस्ती पाळक (धर्मगुरू) मॅथ्यू हेन्री.

फरक पाहायचा तर आठवे स्तोत्र उघडा. ‘मर्त्य मानव तो काय की तू त्याची आठवण करावीस?’ हेन्री इथे मुख्यतः ख्रिस्ताकडे वळतो, कारण नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात याच ओळी येशूविषयी घेतल्या आहेत. कॅल्व्हिन घाई करत नाही. स्तोत्राचा कवी दावीद आधी माणसाला देवाने दिलेल्या मानाबद्दल बोलतो आहे, हे तो नीट उलगडतो. मगच तो विचारतो, की पत्रलेखकाने या ओळी ख्रिस्ताला कशा लावल्या? त्या लेखकाने दाविदाचे शब्द आपल्या विषयाला जुळवून घेतले, असे तो मोकळेपणाने लिहितो. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. मूळ कवीचे म्हणणे आधी पुरते ऐकून घ्यायला तो शिकवतो.

हेन्रीचे बळ वेगळे आहे. तो अध्यायाचे मुद्दे पाडून देतो आणि प्रत्येक मुद्दा प्रार्थनेपर्यंत नेतो. कुटुंबात मोठ्याने वाचायला किंवा रविवारच्या संदेशाच्या तयारीला तोच हाताशी हवा. मात्र 1714 मध्ये तो वारला तेव्हा संपूर्ण बायबलवरच्या त्याच्या भाष्याचे काम नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकापर्यंतच झाले होते. पुढचा भाग इतर पाळकांनी पुरा केला.

एकच घ्यायचे असेल तर स्तोत्रांसाठी मी कॅल्व्हिन घेईन.